न उघडणारी पत्रिका

चंद्राबाईनं दोन्ही भावांना एकाच दिवशी जेवायला बोलावलं आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. असली कामं तिनंच करावीत. नऊ वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. थोरला कोंडिबा भोरात, धाकटा हनुमंत वेल्ह्याकडच्या खोऱ्यात, आणि मधे नसरापुरात ही बहीण, नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर माडी बांधून राहिलेली. दोघांचं ऐकून घ्यायचं आणि दोघांनाही झापायचं, हा तिचा हक्क मात्र या नऊ वर्षांत कुणी काढून घेतला नव्हता.

हनुमंत आधी आला. बरोबर आई अंबूबाई आणि लेक प्रेरणा. प्रेरणाचं लग्न आठवड्यावर आलेलं, पण हनुमंताच्या चेहऱ्यावर लग्नघराचं काही दिसत नव्हतं. पाण्याचा तांब्या हातात घेतला, तो तसाच खाली ठेवला.

"अक्का, कुठंतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला.

"आधी पाणी पी, मग मुरव."

"चेष्टा नको. प्रेरणे, दाखव अक्काला ते मोबाईलमधलं."

प्रेरणानं मोबाईल पुढं केला. पत्रिकेवर तिनं क्यूआर कोड छापला होता, तोही स्वतः तयार केलेला. त्यावर मोबाईल धरला की एक पान उघडायचं. त्यात निमंत्रकांची नावं, कार्यालयाचा रस्ता, आजोबा चिमाजींचा फोटो, आणि खाली 'आमच्याकडून इतकी माणसं येणार' असं कळवायची जागा. कोण कोण येतंय ते प्रेरणाला घरबसल्या दिसत होतं.

"बघ," हनुमंत म्हणाला. "पानशेतच्या खानावळवाल्यानं कळवलं. हिच्या हापिसातल्यांनी कळवलं. गेनू टेम्पोवाल्यानं कळवलं, बायकापोरांसकट येतोय म्हणून. आन भावकीतनं? एक न्हाई. एका घरानं बोट लावलं न्हाई त्याला."

"विसरली असतील."

"सगळीच? म्या दोघातिघांना वाटेत इचारलं. तर म्हनं, बघू, थोरलं घर काय म्हणतंय. म्हंजी दादानं भावकी बांधलीय. मला पाण्यात बघतोय त्यो, आजबी."

अंबूबाई भिंतीला टेकून बसली होती. कोंडिबाचं नाव निघालं की तिचा हात पदराच्या शेवाशी जायचा, तसा आत्ताही गेला. "कोंडिबा असं करायचा न्हाई," ती म्हणाली.

"मग त्याला काय व्हतंय फोन करायला? पत्रिका म्या सोता भोरात जाऊन दिली. त्यो घरात नव्हता. वैनीनं पदरात घेतली, देवापुढं ठिवली. त्याला आज किती दिस झाले?"

 प्रेरणाला एवढंच हवं होतं की आबा, म्हणजे तिचे थोरले काका कोंडिबा, लग्नाला यावेत. लहानपणी तिला सायकल शिकवली ती आबांनी, भोरच्या शाळेत घातली ती आबांनी, आणि मग एका दिवसात ते तिच्या आयुष्यातून उठून गेले. भांडण बांधावरून झालं असं लोक म्हणत. कुठला बांध, ते मात्र तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं. आबा आले नाहीत तर आपल्याला बोहल्यावर उभं राहून रडू येणार, हे तिला ठाऊक होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

खाली गिरणीचा पट्टा थांबला आणि जिन्यावर चपलांचा आवाज आला.

कोंडिबा उंबऱ्यातच उभा राहिला. मागं त्याचा मुलगा धनाजी. धनाजीचं कापूरहोळच्या फाट्यावर गॅरेज होतं, तो तसाच उठून आलेला, खांद्यावर फडकं राहून गेलेलं.

"बरं हाय," कोंडिबा म्हणाला. "चंद्रे, तू बी त्यांच्यातच का?"

"म्या कुणाच्यातबी न्हाई. माझ्या घरात म्या हाय. बसा."

"धनाजी, गाडी फिरीव."

"दादा, आई बसलीय हितं," चंद्राबाईचा आवाज चढला. "तिच्या पाया पडायचं का तसंच जायचं, ते तू ठरीव."

मग त्याला आत यावंच लागलं. तो आईच्या पाया पडला, आणि हनुमंतापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसला. अंबूबाईनं त्याच्या दंडाला हात लावून बघितला. "वाळलास रं," ती म्हणाली. 

धनाजी उभाच राहिला. त्याला आल्या क्षणी समजलं होतं की हा ठरवून केलेला डाव आहे, आणि त्यानं मनाशी धरलं होतं की बाबांनी तोंड उघडलं नाही तर आपण उघडायचं. गेले आठ-दहा दिवस बाबा घरात जेवताना बोलत नव्हते. पत्रिका देवापुढून काढायचे, चष्मा लावून बघायचे, परत ठेवायचे. हे ज्यानं बघितलं त्याला राग येणारच.

"तात्या, एक इचारू?" तो हनुमंताला म्हणाला. "इचारतोच. पत्रिकेवर आमच्या बाबांचं नाव कुठं हाय?"

"कोडात हाय की."

"कोडात!" धनाजी हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "आजवर आपल्या घरातली एक पत्रिका दाखवा, जिच्यावर थोरल्याचं नाव छापलेलं न्हाई. छापायची लाज वाटली म्हणून डब्यात घातलं, आन डब्याला कुलूप."

"कुलूप कसलं?" प्रेरणा म्हणाली. "धनादादा, नावं सगळ्यांचीच आत आहेत. मागच्या लग्नात कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरनं दोन घरं जेवली नव्हती. म्हणून म्हटलं, पत्रिका मोकळी ठेवू. स्कॅन केलं की आबांचं नाव सगळ्यात वर दिसतं."

"दिसतं? म्या माझ्या मोबाईलवर केलं, न्हाई उघडलं. बायकोच्या केलं, न्हाई उघडलं. गॅरेजमधल्या पोरांच्या केलं. गेनूचा उघडतो म्हनं, त्यो सांगत व्हता, फोटो काय, रस्ता काय. टेम्पोवाल्याची पत्रिका उघडती आन सख्ख्या चुलत्याची उघडत न्हाई. म्हंजी काय समजायचं आमी?"

"मग गेनूच्या पत्रिकेवरनं बघायचं," चंद्राबाई म्हणाली.

आता कोंडिबा बोलला. "माझ्या पुतणीच्या लग्नाला कुणाकुणाला बलावलंय ते म्या गेनूच्या दारात उभं राहून बघू? आजून तेवढी पाळी आली न्हाई."

हनुमंत उसळला. "उघडत न्हाई, उघडत न्हाई! आन म्हणून सगळी भावकी फिरवलीस व्हय? एक फोन केला असतास."

"भावकी? म्या कुणाशी बोललो बी न्हाई. मलाच इचारत्यात, की आबा, तुमचं नाव न्हाई, मग आमी जायाचं का? काय सांगू त्यांना?"

"म्हंजी त्यांचीबी उघडत न्हाई?" चंद्राबाईनं मधेच पकडलं.

"कुणाचीच न्हाई."

 हनुमंतानं प्रेरणाकडं पाहिलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती चुकचुकली ती स्वतःच्या लेकीवरून, याचं त्यालाच कसंतरी झालं. कोड तिनं केला. आतलं पान तिच्या हातात. बाहेरच्यांचं उघडतं आणि भावकीचं नाही, असं करता येत असेल तर ते तिलाच येणार. सासरची माणसं पुण्याकडची, शिकलेली. खेड्यातली भावकी मांडवात नको असं तर पोरीला वाटलं नसेल?

"प्रेरणे," तो हळू म्हणाला. "तू काय केलंयस का? खरं सांग."

प्रेरणाला वाटलं, अप्पांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. "अप्पा, मी काय करणार? छापायच्या आधी दहा मोबाईलवर तपासला. जुन्या, नव्या, काच फुटलेल्यासुद्धा. उन्हात धरून बघितला, ट्यूबखाली बघितला. प्रेसवाला म्हणाला कोड अजून बारीक करू, मी नाही करू दिला. कडेनं पांढरी जागा सोडायला लावली. मला कुणाला चोरून टाळायचं असतं तर एवढं कशाला केलं असतं?"

"मग ही काय हाय?" कोंडिबानं खिशातून पत्रिका काढली आणि तिच्यापुढं सतरंजीवर ठेवली. टाकली नाही, ठेवली. लग्नाची पत्रिका टाकत नाहीत, एवढं रागातही त्याच्या ध्यानात होतं.

प्रेरणानं ती उचलली. भावकीत गेलेली पत्रिका ती पहिल्यांदाच बघत होती. मागच्या खोलीतून गठ्ठा बांधून अप्पांनी पिशवीत घातला होता, आणि ती तेव्हा ऑफिसच्या गाडीत होती.

चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू होतं. ते असतंच, देवाला आणि भावकीला जाणारी पत्रिका कोरी कुणी देत नाही. पण कोपऱ्यांवर ते थांबलं नव्हतं. कोडाच्या तीन टोकांना जे तीन चौकोन असतात, त्या प्रत्येकात ठसठशीत कुंकवाचं बोट उमटलं होतं आणि शेजारी हळदीचं. कुंकवात पांढरी चौकट बुडाली होती आणि काळ्यावर हळद बसली होती.

तिला सगळं एका दमात समजलं. कोड मधे थोडा फाटला, डागाळला, तरी चालतो. त्याच भरवशावर तिनं मधोमध आजोबांच्या नावाचा 'चि' घातला होता. पण ते तीन चौकोन म्हणजे कोडाचे डोळे. मोबाईल आधी ते शोधतो. ते झाकले की कोड आंधळा.

आणि हे बोट कुणाचं, तेही तिला समजलं. म्हणून ती गप्प बसली.

"का गं? बोल की आता," धनाजी म्हणाला. "एवढी घडाघडा बोलत व्हतीस."

"कुंकू लागलंय," प्रेरणा म्हणाली. "ह्या चौकोनांवर कुंकू आलंय, म्हणून उघडत नाही. ज्यांच्यावर कुंकू नाही, त्या उघडतात. बाहेरच्यांना मी तशाच दिल्या होत्या." तिनं पर्समधून एक कोरी पत्रिका काढली. "ही बघा, उघडून दाखवते."

"ऱ्हाऊ दे," कोंडिबा म्हणाला. "त्यात आता माझं नाव दिसंल, ठावं हाय मला. गेल्या आठवड्यात व्हतं का, ते कोण सांगणार? छापलेलं खोडता येत न्हाई, म्हणून छापत्यात. तुझं ते मोबाईलमधलं पान बसल्या जागी बदलतं. व्हय का न्हाई?"

प्रेरणा खोटं बोलू शकली नाही. "बदलता येतं, आबा. पण मी बदललं नाही."

"झालं की मग."

चंद्राबाई इतका वेळ पत्रिकेकडं बघत होती. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "नेमकी तिन्ही टोकं? कुंकू लावलं कुणी?"

प्रेरणानं खाली पाहिलं. "आईनं."

"तुझ्या आईनं?" धनाजीनं ते झेललंच. "वा! म्हंजी काकूला ठावं, कुठं बोट ठिवलं की उघडायचं न्हाई. आन वर म्हणायला मोकळी, की आमी तर हळदीकुंकू लावून मानानं दिली."

"धनादादा, आईला कोडातलं काही कळत नाही."

"घरात करणारी तू, आन तिला कळत न्हाई?"

"धाकटीच्या पोटात एवढं आसंल असं वाटलं नव्हतं," चंद्राबाई म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःलाच ते आवडलं नाही.

"माझ्या बायकोला मधी आणायचं काम न्हाई!" हनुमंत उठून उभा राहिला. कोंडिबाही उठला. धनाजीनं चपला पायात सरकवल्या. अजून दोन वाक्यं झाली असती तर ती दोन घरं पुन्हा कधी एका छपराखाली आली नसती.

"कुंकू म्या लावलं," अंबूबाई म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही. तिनं पुन्हा सांगितलं. "सुनंनं न्हाई लावलं. म्या लावलं. ही पोर मला वाचवायला आईचं नाव सांगतीय."

"आजी, नको," प्रेरणा म्हणाली.

"नको कसं? त्या गरिबावर आळ यायला लागला." अंबूबाईनं पदर नीट केला. ती कुणाकडं बघत नव्हती, सतरंजीवरच्या पत्रिकेकडं बघत होती. "प्रेरणा म्हणली, आजे, तूच लाव. म्या म्हणलं, अगं माझ्या हाताचं चालतं व्हय, लोक काय म्हणत्याल. ती म्हणली, मला तुझ्याच हाताचं पायजे. दार लावून घेतलं आमी. कोपऱ्याला लाव, म्हणाली, आन हापिसाच्या गाडीला पळाली. लावलं कोपऱ्याला. पण नऊ वर्सांनी बोटाला कुंकू लागलं रं. मला थांबू वाटंना. खाली बघितलं तर चौक काढल्यावानी दिसला, तीन घरं त्याला. म्हणलं, ही कुंकवाचीच आसतील. परत्येक पत्रिकेला लावलं. भावकीच्या सगळ्या."

 चिमाजी गेल्यापासून अंबूबाईच्या कपाळाला काही नव्हतं. सणावाराला पोरीबाळींना कुंकू लावायची वेळ आली की ती उठून मागच्या दारी जायची, आणि ती का जाते हे विचारायचं नाही असं घरात सगळ्यांनी आपापसांत न बोलताच ठरवलं होतं.

धनाजी गॅरेजवाला माणूस. त्याच्यापुढं बिघाड आला की तो पुसून बघणारच. त्याला वाईट वाटलं होतं, आजीपुढं आवाज चढवला म्हणून लाजही वाटली होती, आणि दोन्हीवर त्याला एकच उपाय सुचला. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि चंद्राबाईच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवलं.

"येवढंच ना? जरा ओलं फडकं मारतो, निघंल. मग बघू काय उघडतंय ते."

त्यानं पत्रिका उचलली आणि फडकं कोडाच्या पहिल्या टोकाजवळ नेलं.

"पुसू नको!"

ओरडला तो हनुमंत. त्यानं धनाजीचं मनगट इतकं घट्ट धरलं की फडक्याचं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. "आईनं लावलंय ते. पुसायचं न्हाई."

मग त्याचं त्यालाच कळलं की आपण काय बोललो. त्यानं कोंडिबाकडं पाहिलं, आणि कोंडिबा आधीपासूनच त्याच्याकडं बघत होता.

वडिलांच्या दहाव्याला, नदीवर, भावकीतल्या बायका आईभोवती जमल्या होत्या. कोंडिबा मधे गेला होता. आईचं कुंकू राहू द्या, म्हणाला होता. बायका थांबल्या, कारण थोरला बोलत होता. मग त्या सगळ्यांनी हनुमंताकडं पाहिलं, कारण आई राहणार होती त्याच्या घरात. आणि हनुमंत मान खाली घालून उभा राहिला. लोक काय म्हणतील, एवढंच पुटपुटला. बायकांनी काय करायचं ते केलं. कोंडिबा त्या दिवशी जेवला नाही, आणि परत त्या घरात गेला नाही. बांधाचं भांडण लोकांनी मागून लावलं. दोघांपैकी कुणी ते खोडून काढलं नाही, कारण खरं सांगायचं तर आईपुढं सांगावं लागलं असतं.

"दादा," हनुमंत म्हणाला. 

"बोल."

"त्या दिशी म्या बोलायला पायजे व्हतं."

"पायजे व्हतं."

"भ्यालो म्या."

"ठावं हाय." कोंडिबानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. डोळे मात्र त्यानं पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "नऊ वर्सं वाट बघितली रं हणम्या. एवढे दोन शब्द ऐकायला."

चंद्राबाई तोंडात पदर धरून रडायला लागली. अंबूबाई एकदा ह्या मुलाकडं, एकदा त्या मुलाकडं बघत राहिली. आपल्या पाठीमागं हे भांडण आपल्यासाठी चाललं होतं, हे तिला आज कळत होतं, आणि तिला राग आला. "गाढवांनो," ती म्हणाली. "मला इचारायचं कुणी?"

धनाजीनं फडकं खिशात कोंबलं. त्यानं पत्रिका दोन्ही हातांनी धरून प्रेरणाला परत दिली, जणू ओली आहे.

"प्रेरणे, चुकलं माझं," तो म्हणाला.

"माझंही चुकलं, दादा. तपासायचं ते कुंकू लावून तपासायला हवं होतं. आपल्याकडं पत्रिका कोरी जात नाही, हे मला माहीत असून." ती कोंडिबाकडं वळली. "आबा, आता तरी बघता का? तुमचं नाव आहे. वरतीच आहे. गेनूनं तेव्हाच खाली लिहिलंय, की आबांचं नाव पहिलं बघून बरं वाटलं."

तिनं कोरी पत्रिका आणि मोबाईल दोन्ही पुढं धरलं. कोंडिबानं मोबाईल बाजूला सारला.

"ठिव त्यो. पण पोरी, येवढं ध्यानात धर. नाव डब्यात घालायचं आसंल तर घाल, पण बाहेरबी छाप. माणसाला बोट ठिवून दाखवता आलं पायजे."

"व्हय, आबा."

"आन भावकीत आता काय करणार? सगळ्यांच्याच आंधळ्या झाल्यात म्हणतीस."

"नव्या छापायला वेळ नाही. मी फोन करते सगळ्यांना."

"फोनवर कोण येतंय?" त्यानं चंद्राबाईकडं पाहिलं. "चंद्रे, जेवायला वाढ लौकर. ऊन कललं की आमी दोघं निघतो. आदी वरची आळी, मग खोऱ्यातली घरं. धनाजी, तू गाडी घे. निमंत्रक म्हणून आत नाव हाय म्हनं माझं. मग जायला नको?"

हनुमंत पटकन उठला आणि पायात चपला घालायला लागला. जेवण व्हायचं आहे हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही. चंद्राबाईनं डोळे पुसता पुसता त्याला हाताला धरून खाली बसवलं.

प्रेरणाच्या पर्समध्ये भोरच्या मंडळींसाठी अजून थोड्या कोऱ्या पत्रिका होत्या. तिनं त्या काढून आजीपुढं मांडल्या. चंद्राबाईनं देवघरातून कुंकवाचा करंडा आणून शेजारी ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. अंबूबाईनं बोट कुंकवात बुडवलं, पत्रिकेवर नेलं, आणि मधेच धरून ठेवलं.

"कुठं लावू गं?" तिनं प्रेरणाला विचारलं. "पुन्हा चुकायला नको."

प्रेरणा कोपरा दाखवायला पुढं वाकली, पण त्याआधी कोंडिबा आईजवळ येऊन बसला होता.

"लाव गं आई, तुला वाटंल तितं लाव," तो म्हणाला. "नावं सांगायला म्या चाललोय की."